एकट्या रेघेला पत्ता नसतो: क्वेसारच्या उजेडातून दीर्घिकांमधला वायू कसा वाचतात

गोव्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ चिमूटभर घेऊन गॅसच्या निळ्या ज्योतीत टाकलं की ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा रंग सोडियमचा. वर्णपट पसरून पाहिला तर तो एक रंग नसून शेजारीशेजारी बसलेल्या दोन रेघा आहेत, एक ५८९० अँगस्ट्रॉमवर आणि दुसरी ५८९६ वर. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग.) आता हेच सोडियम उलट बाजूने बघायचं तर रात्री रस्त्यावर यावं लागेल. पांढऱ्या एलईडींच्या रांगेत एखादा जुना पिवळा, उच्च दाबाचा सोडियम दिवा कुठे तग धरून असेल तर त्याच्याकडे वर्णपटदर्शकातून पाहा. पिवळा पट्टा चांगला रुंद दिसतो. पण नेमका मधोमध, जिथे सोडियमचा उजेड सगळ्यांत जास्त असायला हवा, तिथेच काळी फट असते. नळीच्या गाभ्यातली सोडियमची वाफ प्रचंड तापलेली असते, भिंतीलगतची त्यामानाने थंड. गाभ्यातला उजेड बाहेर पडताना ही थंड वाफ आपल्या ओळखीचा रंग तेवढा अडवते.

क्वेसारच्या वर्णपटावरून दीर्घिकांमधला वायू अभ्यासतात, त्याचं मूळ भौतिकशास्त्र या फटीत आलं. तिथे दिवा आणि वाफ यांच्यात अब्जावधी प्रकाशवर्षं असतात, आणि वाफ एका जागी नसून वाटभर विखुरलेली असते, एवढाच फरक.

वर्णपटदर्शक घरी करता येतो. कोऱ्या डीव्हीडी-आरचा तुकडा कापून कडेला नख घातलं की त्याचे दोन पापुद्रे सुटतात. पारदर्शक पापुद्र्यावरचा जांभळट थर स्पिरिटने पुसला की मिलिमीटरला सुमारे १३५० रेघांचं ग्रेटिंग, म्हणजे उजेड रंगांत पसरवणारी बारीक समांतर रेघांची पट्टी, हाती येतं. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला दोन ब्लेडांच्या धारा समोरासमोर चिकटवायच्या, मध्ये दोन कागद जेमतेम सरकतील एवढी फट. ही फट ग्रेटिंगवरच्या रेघांना समांतर हवी, नाहीतर सगळंच फिसकटलेलं दिसतं. पिवळा रंग सरळ रेषेपासून साधारण ५३ अंश बाजूला पडतो, म्हणून डोळा तिरका लावावा लागतो. सीडी वापरली तर हा कोन २२ अंशांवर येतो, पण रंगही तितके पसरत नाहीत. फट रुंद ठेवली तर उजेड भरपूर मिळतो आणि काळी रेघ बुजून जाते. आठ-दहा मीटरच्या दुर्बिणीलाही हीच अडचण येते, तिच्याकडे पुढे येऊच.

आता दिव्याकडे. क्वेसार म्हणजे एखाद्या दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर आणि त्यात पडताना तापून झगझगणारा वायू. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या 'ताऱ्या'च्या वर्णपटातल्या अनोळखी रेघा ओळखल्या: त्या हायड्रोजनच्याच होत्या, फक्त प्रत्येकीची तरंगलांबी सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेली. विश्व प्रसरण पावतं, त्याबरोबर वाटेतला प्रकाशही ताणला जातो. या ताणाला रेडशिफ्ट म्हणतात, पुस्तकी मराठीत ताम्रसृती. हिशेब एका ओळीचा आहे: मोजलेली तरंगलांबी म्हणजे मूळ तरंगलांबी गुणिले (१ + रेडशिफ्ट). ३सी २७३ चा रेडशिफ्ट ०.१५८.

इथे क्वेसारमध्ये कुणाला फारसा रस नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो आपल्यासाठी नुसता दिवा. त्याचा वर्णपट रुंद आणि बराचसा गुळगुळीत असतो, तो लांबवरून दिसतो आणि त्याच्यासमोर काय अडलं ते स्पष्ट उमटतं, एवढ्याच गुणांवर त्याची निवड होते.

हायड्रोजनची सगळ्यांत ठळक रेघ लायमन-अल्फा, मूळ जागा १२१५.६७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दूरच्या अतिनील भागात. एक क्वेसार रेडशिफ्ट ३ वर आहे असं धरू. त्याचा उजेड साधारण साडेअकरा अब्ज वर्षांपूर्वी निघाला. त्याची स्वतःची लायमन-अल्फा चौपट ताणून ४८६२.७ वर येते, म्हणजे चक्क दृश्य निळ्या-हिरव्या रंगात. त्याहून निळा असलेला प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत हळूहळू ताणला जातो. कुठल्याशा टप्प्यावर तो नेमका १२१५.६७ वर पोचतो, आणि त्या टप्प्यावर उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन न गमावलेला, हायड्रोजन असला तर तो तिथे अडतो. पुढच्या टप्प्यावर वेगळा रंग त्या आकड्यावर आलेला असतो, तो तिथला हायड्रोजन अडवतो. असं करत करत वाटेतला प्रत्येक ढग वर्णपटात आपापल्या जागी एक काळी रेघ ओढतो. ४५०० अँगस्ट्रॉमवर रेघ दिसली? ४५०० भागिले १२१५.६७, वजा १: ढग रेडशिफ्ट २.७०२ वर आहे.

अशा रेघा एका वर्णपटात शेकड्यांनी असतात, खाजनात लावलेल्या भातासारख्या दाट. १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी ४सी ०५.३४ या क्वेसारच्या वर्णपटात त्या ओळखल्या. आज त्यांना लायमन-अल्फाचं रान म्हणतात. रेडशिफ्ट ३ च्या क्वेसारमध्ये हे रान ४८६३ पासून खाली ४१०३ पर्यंत स्वच्छ वाचता येतं. त्याखाली लायमन-बीटाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या याच मालिकेतल्या पुढच्या रेघेच्या, रेघा मिसळायला लागतात आणि गुंता वाढतो.

गणिताची आवड असलेल्यांनी इथे जरा थांबावं. रेडशिफ्ट ३ वरची लायमन-अल्फा ४८६२.७ वर येते, आणि प्रयोगशाळेतल्या हायड्रोजन-बीटा रेघेची निर्वातातली तरंगलांबीही ४८६२.७ च आहे. हा योगायोग नाही. लायमन-अल्फाची ऊर्जा (१ − १/४) म्हणजे ३/४ या प्रमाणात, हायड्रोजन-बीटाची (१/४ − १/१६) म्हणजे ३/१६ या प्रमाणात. गुणोत्तर बरोबर चार. मात्र बहुतेक तक्त्यांत हायड्रोजन-बीटा ४८६१.३ अशी छापलेली असते, कारण ती हवेतली तरंगलांबी आहे. हवा आणि निर्वात यांची गल्लत झाली तर फरक १.३५ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे वेगात मांडायच्या रिवाजाने सेकंदाला ८३ किलोमीटरची चूक. रानातल्या रेघांची रुंदी सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर असते. एवढ्याशा विसराळूपणाने ढग आपल्या रुंदीच्या तिप्पट बाजूला सरकतो.

दीर्घिकांमधल्या या पोकळीत असतं तरी किती? आज विश्वाची सरासरी काढली तर चार घनमीटरमागे एक प्रोटॉन. रेडशिफ्ट ३ च्या काळी विश्व चारपट आखडलेलं होतं, म्हणजे घनता ६४ पट, घनमीटरमागे साधारण १६. समुद्रसपाटीच्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर २४ शून्यं इतके रेणू असतात. शिवाय त्या काळी हा वायू जवळजवळ पूर्ण आयनीभूत होता, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेले. उदासीन उरलेला अणू लाखात एखादा किंवा त्याहूनही कमी. रान दिसतं ते या लाखातल्या एकामुळे!

१९६५ मध्ये जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी हाच मुद्दा उलटा मांडला. दीर्घिकांमधला हायड्रोजन उदासीन असता तर क्वेसारच्या लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूचा प्रकाश सगळाच खाऊन टाकला गेला असता. तो दिसतो, त्याअर्थी वायू आयनीभूत आहे. तो प्रकाश सगळाच खाल्लेला प्रत्यक्ष दिसायला २००१ उजाडलं. रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी रेडशिफ्ट ६.२८ च्या क्वेसारमध्ये ती सपाट काळी दरी दाखवली. पण तिचा अर्थ लावताना सांभाळावं लागतं. दहा हजारांत एक अणू उदासीन असला तरी दरी पूर्ण काळी होते आणि दहा हजारांपैकी दहा हजार असले तरीही. दरी दिसली म्हणून 'तेव्हा सगळा वायू उदासीन होता' असं लिहिणारे लेख बरेच वाचायला मिळतात. ते चूक आहे.

ढगात किती वायू आहे हे सांगायची पद्धत आधी विचित्र वाटते. ढगाची जाडी आणि घनता वेगवेगळी कळत नाही, म्हणून एक चौरस सेंटिमीटर तोंडाची लांबच लांब नळी ढगातून आरपार नेली तर तिच्यात किती अणू सापडतील तेवढंच मोजायचं. रानातल्या बऱ्यापैकी ठळक रेघेमागे ही संख्या एकावर १४ शून्यं. आकडा ऐकून दबून जाऊ नका, आपल्या हवेचा जेमतेम चाळीस नॅनोमीटरचा थर तेवढे रेणू बाळगून असतो. दुसऱ्या टोकाला ज्यांना 'डॅम्प्ड' म्हणतात ते ढग, बहुधा दीर्घिकांच्या आतले किंवा अगदी काठावरचे. त्यांची सुरुवात दोनावर २० शून्यांपासून होते, म्हणजे चार बोटं हवा. वजन काढलं तर चौरस सेंटिमीटरमागे एक तृतीयांश मिलिग्रॅम, वहीच्या कागदाच्याही विसाव्या हिश्श्याहून कमी. एवढ्यानेही त्यांची रेघ इतकी रुंद होते की तिला दोन्हीकडे लांब उतरते पंख फुटतात.

रेघेवरून संख्या काढताना खरी पंचाईत मधल्या पट्ट्यात होते. रुंदीचा मापदंड सेकंदाला २५ किलोमीटर धरू. एकावर १३ शून्यं अणू असतील तर रेघेच्या तळाशी ७४ टक्के उजेड शिल्लक राहतो. १४ शून्यं झाली की ५ टक्के. १५ शून्यांना तळ काळा ठिक्कर. मग १६ असोत की १७, रेघ दिसायला जवळपास तशीच. काळ्याहून काळं काय होणार? तेव्हा लायमन-बीटाकडे जायचं. ती लायमन-अल्फापेक्षा सहापट दुबळी, म्हणून उशिरा भरते. तीही भरली तर गॅमा, डेल्टा असं उतरत जायचं. शेवटी ९१२ अँगस्ट्रॉमची लायमन-सीमा, तिच्यापलीकडे दाट ढग सरसकट सगळं अडवतो. पंख फुटले की काम पुन्हा सोपं होतं, कारण पंखांच्या उतारावरून संख्या थेट कळते.

आता शीर्षकातल्या पत्त्याकडे. वर ४५०० च्या रेघेचा हिशेब केला तो ती लायमन-अल्फा आहे असं गृहीत धरून. पण ती तशीच आहे कशावरून? जवळच्या एखाद्या ढगातल्या लोखंडाची किंवा मॅग्नेशियमची रेघही ताणून तिथे येऊ शकते. एकट्या रेघेवरून काहीच ठरत नाही. मिठातल्या सोडियमसारखी जोडी सापडली की मात्र पत्ता पक्का होतो. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची जोडी १५४८.२० आणि १५५०.७८ वर असते. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या मॅग्नेशियमची २७९६.३५ आणि २८०३.५३ वर. आपल्या ढगात कार्बन असेल तर त्याच्या रेघा ५७३०.९ आणि ५७४०.५ वर पडल्या पाहिजेत. ही जागा क्वेसारच्या लायमन-अल्फाच्या लाल बाजूला आहे, तिथे रान नसतं, शोधणं सोपं. लायमन-बीटा ३७९६.९ वर हवी. तिन्ही जमलं तर पत्ता खरा.

जोडीची आणखी एक परीक्षा आहे. वायू विरळ असेल तर निळ्या बाजूची रेघ लाल बाजूचीच्या दुप्पट ताकदीची असते. वायू दाट होत गेला की दोघी सारख्या दिसायला लागतात. निळी रेघ लालपेक्षा दुबळी दिसत असेल तर ती जोडी नव्हेच, किंवा लाल रेघेवर तिसरंच काही येऊन बसलं आहे. नवशिके अंतर जुळलं की खूश होतात आणि ताकद तपासत नाहीत. बहुतेक खोट्या जोड्या इथेच पकडल्या जातात.

प्रत्यक्ष वर्णपट हाती येईपर्यंत बरंच काही बिघडू शकतं. कॅमेऱ्यात उजेड नसतानाही आकडे येतात, ते आधी वजा करायचे. एकसारख्या उजळलेल्या दिव्याचा फोटो घेऊन त्याने भागायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा स्वभाव निघून जातो. थोरियम-आर्गॉन दिव्याच्या शेकडो परिचित रेघांवरून तरंगलांबीची मोजपट्टी बसवायची. वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळून पांढरे ठिपके उमटवतात. म्हणून एकच लांब फोटो न घेता तीन-चार घेऊन ताडून पाहायचे. मग आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करायचा. इथे हलगर्जी झाली तर भरलेल्या रेघेचा तळ शून्यावर न बसता वर तरंगतो किंवा शून्याच्या खाली जातो. हायड्रोजनच्या काळ्या तळांकडे पाहून ही चूक लगेच कळते, म्हणून ते तळ हाच आपला फुकटचा तपासनीस. वातावरणातल्या ऑक्सिजनची ५५७७ ची हिरवी रेघ आणि रस्त्यावरच्या सोडियमची जोडी यांचे अवशेष बहुतेक वर्णपटांत राहून जातात. त्या जागेवरच्या 'शोधा'वर कुणी विश्वास ठेवू नये. शेवटी पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, ते दुरुस्त करायचं आणि हवेतून निर्वातात जायचं.

यानंतरचं काम मशिनवर सोडावं की हाताने करावं यावर मतभेद आहेत. क्वेसारचा मूळ उजेड, म्हणजे वाटेत काहीच नसतं तर दिसला असता तो, आपल्याला कधीच मिळत नाही. रेघांच्या मधल्या उंच टेकाडांवरून एक वक्र ओढून त्याचा अंदाज बांधतात आणि त्याने सगळं भागतात. हा वक्र ५ टक्के खाली बसला तर ३ टक्के खोलीची रेघ गायबच होते. रेडशिफ्ट ३ ला निदान टेकाडं दिसतात. ४ च्या पुढे रान इतकं दाट होतं की मोकळं टेकाड उरतच नाही, आणि वक्र अंदाजाने, लाल बाजूवरून ताणून आणावा लागतो. दोघा जणांनी एकाच वर्णपटावरून वेगवेगळे आकडे काढले तर पहिला संशय या वक्रावर घ्यावा.

मग प्रत्येक रेघेवर व्हॉइट आकार, म्हणजे रेघेचा गाभा आणि पंख दोन्ही धरणारा गणिती वक्र, बसवायचा. त्यातून तीन गोष्टी मिळतात: रेडशिफ्ट, अणूंची संख्या, रुंदी. व्हीपीफिटसारखे प्रोग्राम हे करतात. त्यांना एकेक घटक वाढवू दिला तर जुळणी सुधारतच जाते, म्हणून कुठे थांबायचं हे माणसाला ठरवावं लागतं. रुंदीवरून तापमान कळतं, हायड्रोजनसाठी २०,००० केल्विनला सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर. कार्बन बारापट जड, म्हणून त्याच तापमानाला त्याची रेघ साडेतीनपट अरुंद. दोघांची रुंदी सारखीच निघाली तर ती उष्णतेची नसून वायूच्या खळबळीची आहे.

इथे ती ब्लेडांची फट परत येते. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरचा यूव्हीईएस किंवा हवाईतल्या केक दुर्बिणीवरचा हायरेस हा वर्णपटमापक सेकंदाला सहा-सात किलोमीटरचा फरक दाखवू शकतो, तोही एकेका क्वेसारमागे कित्येक तास घेऊन. लाखो क्वेसारांचे वर्णपट घेणाऱ्या स्लोन सर्व्हेत ही मर्यादा सुमारे १५० किलोमीटर, म्हणून रानातल्या पाच-सहा रेघा मिळून एक बुटका खळगा दिसतो. त्यावर व्हॉइट आकार बसवणं म्हणजे वेळ घालवणं. मात्र कार्बनच्या जोडीतलं अंतर ५०० किलोमीटर आणि मॅग्नेशियमच्या जोडीतलं ७७०, त्यामुळे जोड्या तिथेही सुट्या दिसतात. शिवाय संख्याबळ ही वेगळी ताकद आहे. मांडवीत एकाच रेषेत होडीतून बांबू टाकत गेलात तर त्या रेषेवरची खोली कळेल, नदीचा तळ नाही. डेसी या सर्व्हेने २०२४ मध्ये चार लाखांहून जास्त क्वेसारांची रानं एकत्र करून विश्वाच्या प्रसरणाचं माप काढलं. एकेक वर्णपट सुमारच होता, पण रेषा लाखो होत्या.

बारीक वर्णपटांतून निघणारं पीक वेगळं. ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, रेघ साध्या हायड्रोजनपासून सेकंदाला ८२ किलोमीटर निळ्या बाजूला पडते. तिच्यावरून एक लाख हायड्रोजन अणूंमागे अडीच ड्युटेरियम असं प्रमाण निघतं, आणि त्यावरून विश्वात साधं द्रव्य एकूण किती ते. पण ८२ किलोमीटरवर हायड्रोजनचाच दुसरा छोटा ढग बसलेला असू शकतो. अशी फसगत झाली तर ड्युटेरियम उगाच जास्त निघतं. पुण्याच्या आयुकातले आर. श्रीआनंद, पॅट्रिक पेतीज्याँ आणि सेड्रिक लदू यांनी २००० मध्ये रेडशिफ्ट २.३४ च्या एका ढगातल्या कार्बनचा उपयोग थर्मामीटरसारखा केला. विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचं त्या काळचं तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान निघालं. आजच्या २.७२५ ला (१ + रेडशिफ्ट), म्हणजे ३.३४ ने गुणलं तर ९.१ येतात.

जवळच्या, म्हणजे रेडशिफ्ट १.६ च्या आतल्या रानासाठी जमिनीवरच्या दुर्बिणी कामाच्या नाहीत. ३२०० अँगस्ट्रॉमच्या खालचं आपला ओझोन अडवतो. ते हबलवरून करावं लागतं.

गोव्यातून स्वतः काही पाहायचं असेल तर मृगापासून चवथीपर्यंतचे महिने सोडूनच द्या. शिगम्याच्या सुमारास कन्या राशीतला ३सी २७३ मध्यरात्रीकडे क्षितिजापासून ७६ अंश वर चढतो. तेज १२.९ (हा आकडा जितका मोठा तितकं मंद), म्हणजे आठ-दहा इंची दुर्बीण, मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग आणि छोटे छोटे बरेच फोटो एकावर एक रचण्याची चिकाटी एवढ्यात त्याचा वर्णपट मिळतो. दवापासून आरसा जपा, किनाऱ्याजवळ ते लवकर पडतं. त्याच्या वाटेतल्या लायमन-अल्फा रेघा अतिनील भागात असल्याने तुम्हाला दिसणार नाहीत. रान बघायचं तर स्लोन सर्व्हेचे खुले वर्णपट उतरवून घ्या आणि रेडशिफ्ट ३ च्या आसपासचा एखादा निवडा. पण ३सी २७३ चा रेडशिफ्ट स्वतः मोजता येईल. हायड्रोजन-बीटाचा फुगवटा ४८६१ सोडून ५६३० च्या आसपास शोधा, हायड्रोजन-गॅमा ५०२६ जवळ. हायड्रोजन-अल्फा ७६०० वर यायला हवी, आणि बरोबर तिथेच एक खोल खाच दिसेल. ती खाच दोन अब्ज वर्षांच्या वाटेतली नाही. ती आपल्याच डोक्यावरच्या हवेतल्या ऑक्सिजनची आहे.